एसी घेण्याआधी गच्चीवर चढून पाहा: नागपूरच्या उन्हाळ्यात घर कमी खर्चात गार ठेवण्याचे घरगुती उपाय

संत्राबर्फी

राम राम मंडळी. मार्च सरत आला, पारा चाळिशीला टेकला आणि आमच्या मानेवाड्याकडे रोज कोणाच्या तरी दारात एसीचं खोकं उतरतंय. एसीला माझा विरोध नाही, आमच्याकडेही एक आहे. पण आधी घर तापू द्यायचं आणि मग वीज जाळून ते निववायचं, हा उलटा व्यवहार झाला. माझं म्हणणं साधं आहे: आधी ऊन बाहेर अडवा, मग हवा खेळती करा, मग कूलर नीट चालवा, आणि एसीकडे शेवटी जा. या क्रमाने गेलं तर बऱ्याच घरांत शेवटच्या पायरीपर्यंत जावंच लागत नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी मुख्य शत्रू डोक्यावरचा स्लॅब. भर दुपारी आपल्याकडच्या उन्हात चौरस मीटरमागे ९०० ते १००० वॅट उष्णता असते. म्हणजे गच्चीच्या दर चौरस मीटरवर एकेक इस्त्री चालू ठेवल्यासारखं. ५०० चौरस फुटांची गच्ची असेल तर अशा ४६ इस्त्र्या! उघडा सिमेंटचा कोबा त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता पिऊन घेतो आणि ती काही तासांनी खाली सोडतो. रात्री दहाला पंखा लावला की वरून भपका येतो तो याच्यामुळे. स्वच्छ पांढरा थर मात्र ७० ते ८० टक्के ऊन परत पाठवतो.

म्हणून पहिला खर्च चुन्याचा. आम्ही दरवर्षी मार्चमध्ये मारतो. गच्ची झाडून, घासून, धुवून घ्यायची. भेगा असतील तर त्या आधी भरायच्या. चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा, त्यात पांढरा सिमेंट आणि थोडा फेविकॉल. स्लॅबवर पाणी शिंपडून ओल असतानाच संध्याकाळी पहिला हात, तो वाळला की आडवा दुसरा हात, जमलं तर तिसरा. लांब दांड्याचा ब्रश घ्या, कंबर वाचते.

दुसरं काम पश्चिमेच्या खिडक्यांचं. आत जाड पडदा लावून फारसं होत नाही, कारण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. आम्ही छज्जाच्या खिळ्यांना हिरवी जाळी ताणून बांधली आहे, ७५ टक्के सावलीची. महापालिका काही सिग्नलवर मांडवासारखी लावते तीच. भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, मधून हवा गेली पाहिजे.

तुमच्याकडे काय करता ते लिहा. फक्त 'अमुक कंपनीचा एसी घ्या' असं नको, त्याचे धागे भरपूर आहेत.

---

तर्री_पोहे

भाऊ, चुना तर ठीक हाय, पण पहिल्याच पावसात धुवून जाते. दरसाल कोण गच्ची घासत बसंन? आमी तर ते पांढरा कूल रूफ पेंट मारला मागच्या साली. अजून चमकून राह्यला.

---

संत्राबर्फी

@तर्री_पोहे, पेंट चांगलाच, नाही कुठे म्हणतोय. पण त्याची किंमत चुन्याच्या कितीतरी पट. गच्ची स्वतःची असेल आणि चार-पाच वर्षं निघणार असतील तर पेंट परवडतो. ज्याला यंदाचा उन्हाळा काढायचा आहे त्याला चुना. आणि पेंटचीही चमक धुळीने मरते. मळलेला महागडा पेंट आणि ताजा चुना यांत मी चुन्याला मत देईन. दोन्हींना मधूनमधून झाडूपाणी लागतंच.

---

महालची_सून

आमचा महालातला वाडा जुना. खाली दीड हाताच्या भिंती, वर माळा. खालच्या खोल्यांत मे महिन्यातही दुपारी फक्त पंखा लागतो. वरचा मजला सासऱ्यांनी नंतर स्लॅब टाकून चढवला, तिथे मात्र भट्टी. एकाच घरात दोन हवामानं आहेत म्हणा ना.

सासूबाईंची दिनचर्या सांगते, कारण तिला पैसे लागत नाहीत. सकाळी नऊच्या आत पूर्व-पश्चिमेची सगळी दारं-खिडक्या बंद. दुपारचा स्वयंपाक सकाळीच. संध्याकाळी ऊन उतरलं की आधी गच्चीवर पाणी, मग अंगणात सडा, आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळं घर सताड उघडं, जिन्याचं दार धरून. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते. नव्या फ्लॅटवाले नेमकं उलटं करतात. दुपारी 'हवा येऊ दे' म्हणून खिडक्या उघडतात, रात्री डासांच्या भीतीने बंद. खिडक्यांना जाळ्या बसवा की!

माहेरी (वर्धेकडे) अजून दारापुढे पऱ्हाट्यांचा मांडव घालतात. त्याखाली रांजण. शहरात पऱ्हाट्या कुठून आणणार, पण बांबूचे तट्टे मिळतात.

---

डेक्कन_जिमखाना

एवढा खटाटोप कशाला? एसी २४ वर लावायचा आणि शांत झोपायचं.

---

तर्री_पोहे

@डेक्कन_जिमखाना, पुण्याहून आले का जी? एखाद्या नवतप्यात (मेअखेरच्या कडक नऊ दिवसांत) या इकडे, दुपारी दोन वाजता व्हेरायटी चौकात भेटू. मंग सांगा.

---

अर्धा_युनिट

पुणेकरांनी २४ म्हटलं ते अगदीच चूक नाही. जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या एसींना सुरू होताना २४ हेच तापमान ठेवणं बंधनकारक आहे, आणि दर अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. माझा सल्ला २६ किंवा २७ आणि सोबत छताचा पंखा मध्यम वेगावर. अंगावर वारा असला की दोन-तीन अंशांचा फरक आपोआप जाणवतो.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

आपल्याकडचा लोखंडी कूलर साधारण २०० वॅट, पंप धरून. रोज १५ तास चालला तरी ३ युनिट, महिन्याचे ९०. दीड टनाचा एसी आपल्या मे महिन्यात तासाला सरासरी सव्वा युनिट धरा. ८ तासांचे १०, महिन्याचे ३००. आणि हे एका खोलीचं.

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दर चढतो. इथे एक गैरसमज नेहमी ऐकतो: '३०१वं युनिट पडलं की सगळं बिल वरच्या दराने.' तसं नाही. वरच्या टप्प्यातल्या युनिटांनाच वरचा दर. पण ज्याचं घर एरवी दीड-दोनशे युनिटांत भागतं त्याच्या एसीची बरीचशी युनिटं त्या महागड्या टप्प्यात पडतात. त्यामुळे उन्हाळ्यात वाचवलेलं युनिट हिवाळ्यात वाचवलेल्यापेक्षा जास्त पैसे वाचवतं.

आणि पंखे! जुना पंखा ७० ते ८० वॅट, बीएलडीसी मोटरचा (कमी वीज खाणारी नवी मोटर) साधारण ३०. आपल्याकडे पंखा दिवसातून १६ तास चालतोच. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटांच्या वर. चार पंख्यांचे करा. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून साधं बटण लावा, वेग रिमोटवरून बदलतो.

---

भाड्याचं_घर

हे सगळं मालकांसाठी झालं. मी त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने. वर गच्ची, पण किल्ली मालकाकडे. चुना मारू का विचारलं तर म्हणाले 'लीकेज होईल'. (चुन्याने??) बेडरूमची खिडकी थेट पश्चिमेला. एसी घ्यायचा नाही, पुढच्या वर्षी बदली आहे. बारा महिन्यांचा मुलगा आहे घरात. काय करू?

---

महालची_सून

बाळासाठी आधी सांगते, कूलरचा झोत थेट अंगावर नको. खाट बाजूला घ्या, झोत समोरच्या भिंतीवर जाऊ द्या.

---

संत्राबर्फी

@भाड्याचं_घर, सोबत नेता येईल एवढंच करा.

१. खिडकीच्या बाहेरच्या ग्रिलला बांबूची चिक किंवा हिरवी जाळी. तारेने बांधायची, खिळा नको, मालकाची तक्रार नको. चिकेवर दुपारी पाणी मारलं तर आणखी बरं.

२. जी काच उघडतच नाही तिला थर्माकोलची जाड शीट मापात कापून आतून घट्ट बसवा, काचेकडच्या बाजूला चकचकीत फॉइल. अंधार होईल, पण बेडरूम आहे.

३. खिडकीतला कूलर. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण नागपुरात अर्धे कूलर चुकीचे चालतात.

आणि मालकाला एकदा सांगून पाहा की चुन्याचा खर्च तुमचा. लीकेज चुन्याने होत नाही, भेगांनी होतं. चुना मारायच्या निमित्ताने त्या भेगा दिसतात आणि भरल्या जातात. त्यात फायदा त्यांचाच.

---

संत्राबर्फी

कूलर. हा नागपूरचा खरा ठेवा. मुंबईत कूलर चालत नाही, कारण हवाच ओली. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २३ दाखवतो. कूलरला याखाली जाता येत नाही, पण चांगला कूलर ४४ ते २३ या अंतराचा पाऊण टप्पा गाठतो. म्हणजे बाहेर ४४ असताना झोत २८-२९ चा. तोही २०० वॅटमध्ये!

हे होतं कसं? एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे दोन तृतीयांश, नेमकं सांगायचं तर ०.६७ युनिट उष्णता उचलतं. मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. म्हणूनच टाकी सतत भरावी लागते.

आता चुका. पहिली आणि सर्रास: खोली बंद करून कूलर. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला निघायला वाट हवी. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. नाहीतर तासाभरात सगळं दमट, चादरी ओलसर, आणि दोष कूलरला. दुसरी: कूलर खोलीच्या आत ठेवून आतलीच हवा फिरवणं. तिसरी: कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी वीज जाळून बाहेर काढतो. दोघांची कुस्ती, बिल आपलं.

कूलर शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीला. पश्चिमेलाच ठेवावा लागला तर वर सावली करा, पण ताट्यांना (कूलरच्या बाजूंच्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्यांना) हवा घेता आली पाहिजे.

ताट्या दर हंगामात बदला. वाळ्याच्या असतील तर वास छान, खर्च जास्त. गवताच्या स्वस्त. हनीकोंबच्या जास्त वर्षं टिकतात, पण बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून भोकं बुजतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. नुसती वरून भरत राहिलात तर पाणी उडतं आणि क्षार साठत जातात.

---

तारवाला_काका

मी वायरमन. वय झालं, आता काम मुलगा पाहतो. कूलरवर लिहिताय म्हणून आलो. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात. लहान मुलं, पाणी भरणाऱ्या बाया. पैसे वाचवायच्या गोष्टी नंतर, आधी हे वाचा.

लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय. पंपाची वायर सोललेली असली की अख्खा पत्रा जिवंत होतो. यावर उपाय तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग. घरात अर्थिंगची पट्टी नुसती दिसून उपयोग नाही, ती जमिनीत नीट गेली आहे का ते तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगही कमजोर होतं, खड्ड्यात पाणी घालावं लागतं. काही जण अर्थची वायर न्यूट्रलला जोडून देतात. असं कोणी करत असेल तर त्याला घराबाहेर काढा.

मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. खर्च एकदाच. विजेची गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. तो मधूनमधून पडतो म्हणून बायपास करू नका, पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहत जा.

आणि पाणी भरताना, ताटी काढताना, पंप साफ करताना प्लग काढायचा. बटण बंद करणं पुरेसं नाही. पोरांना कूलरजवळ खेळू द्यायचं नाही. बस्स.

---

महालची_सून

काका, धन्यवाद. आज ह्यांना हेच वाचायला दिलं.

---

तर्री_पोहे

काका, तुमचं पोस्ट वरती चिकटवून ठेवाले पाह्यजे.

---

बर्डी_ते_बेसा

कूलरच्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात हेही घाला. ती मादी टाकीच्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या वर अंडी चिकटवते. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचा एक कोरडा दिवस. आमच्या लाइनीत आम्ही सगळ्यांनी रविवार ठरवला आहे. पाऊस सुरू झाल्यावर कूलर तसाच भरलेला सोडून देणारे महाभाग तर प्रत्येक गल्लीत सापडतात.

---

अर्धा_युनिट

गच्चीवर पाणी मारण्याबद्दल थोडं. ऊन पूर्ण उतरल्यावरच मारा. तापलेल्या स्लॅबवर भर दुपारी पाणी ओतलं तर ते क्षणात उडून जातं आणि कोब्याला भेगा पडायची भीती. आरओचं फेकाऊ पाणी यासाठी उत्तम. तेच पाणी कूलरमध्ये मात्र घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी कूलरला चांगलं, पण आपल्या कोरड्या मे महिन्यात ते गळतंच किती! जुलैत बादली भरते, तेव्हा कूलर बंद.

---

भाड्याचं_घर

चिक बाहेरून लावली. संध्याकाळी भिंतीला हात लावला तर आधीसारखा चटका बसत नाही. बाळ दुपारी दोन तास झोपलं! चुन्यासाठी मालक अजून 'पाहू' म्हणताहेत.

---

डेक्कन_जिमखाना

माझी मावशी जरीपटक्याला असते, तिला हा धागा पाठवला. ती म्हणाली, 'यात नवीन काय आहे?' मी आता गप्प बसतो.

एक खरा प्रश्न: पाऊस लागला की तुम्ही काय करता?

---

संत्राबर्फी

@डेक्कन_जिमखाना 😄 मावशींना नमस्कार.

जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की कूलरचं गणित फिरतं. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ओला थर्मामीटरच २८ दाखवतो. तिथून कूलर काय उतरवणार? तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. एसीची खरी गरज आमच्या घरी मे महिन्यापेक्षा जुलै आणि सप्टेंबरच्या उकाड्यात लागते. कारण त्या दिवसांत वाळवायचं असतं ते हवेतलं पाणी, आणि ते काम फक्त एसी करतो. हे बहुतेकांना पटत नाही, पण करून पाहा: मे महिना चुना, जाळी आणि कूलरवर काढा, एसी पावसाळ्यासाठी राखून ठेवा.

एसी असणाऱ्यांनी दाराच्या फटींना रबरी पट्टी लावा, दर पंधरवड्याला फिल्टर धुवा. बाहेरच्या युनिटला वरून सावली चालेल, पण चहूबाजूंनी झाकू नका, त्याला गरम हवा फेकायला जागा लागते. त्यावर पाण्याचे फवारे मारायचे किट मिळतात, मी लावणार नाही. आपल्याकडच्या जड पाण्याने जाळीवर पांढरे थर चढतात.

---

बर्डी_ते_बेसा

सोलरचं कोणी बोललं नाही अजून. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. घरी करायचं काम नाही हे, मान्य, पण पॅनलच्या सावलीने निम्मा स्लॅब झाकला जातो, तो फायदा कोणी मोजत नाही. सांगाडा उंच घ्यायचा, खालून चालता आलं पाहिजे आणि वारा गेला पाहिजे.

---

अर्धा_युनिट

चांगला मुद्दा. फक्त क्रम तोच ठेवा. आधी घराची गरज कमी करा, मग उरलेल्या गरजेएवढे पॅनल. उलट केलं तर मोठी सिस्टीम बसते आणि ती तापलेल्या घरावर खर्ची पडते.

---

तर्री_पोहे

२०२४ च्या मे मध्ये टीव्हीवर नागपूर ५६ डिग्री दाखवलं होतं, आठवते का? आमच्या शेजाऱ्यानं त्याच दिवशी एसी बुक केला. मंग हवामान खात्यानं सांगतलं का सेन्सर बिघडला होता. एसी काही वापस गेला नाही.

बाकी, खरं ४७.९ आपण २०१३ ले पाह्यलंच हाय. तेव्हा आमच्याकडे कूलरच होता. निघाला उन्हाळा.

---

कुरडई_पापड

नमस्कार, पहिल्यांदाच लिहिते आहे. यजमानांनी काल चुना आणला. बाकी सगळं समजलं, पण माझं वाळवण राहिलंय. कुरडया, सांडगे, मुगवड्या, सगळं बाकी आहे. चुन्याच्या गच्चीवर घालता येतं का?

---

महालची_सून

ताई, अगदी रास्त प्रश्न, आणि हे बाप्ये लोक विचारणारच नाहीत! आधी वाळवण उरकून घ्या, मग चुना. नाहीच जमलं तर चुना वाळल्यावर दोन दिवस थांबा आणि वाळवण खाटेवर घाला, खाली जमिनीवर नको. पांढऱ्या गच्चीवर खूप चकाकी येते, दुपारी उलटायला जाताना डोळ्यांवर ओढणी घ्या. आणि चुना कालवताना यजमानांना चष्मा आणि हातमोजे घालायला लावा. कळीचा चुना असेल तर पाणी घातल्याबरोबर उकळतो, डोळ्यात उडाला तर फार वाईट. पोरांना तेव्हा वर येऊ देऊ नका.

---

कुरडई_पापड

बरं झालं विचारलं. मग आधी कुरडया. चुना पुढच्या आठवड्यात. यजमानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला आहे.

---

संत्राबर्फी

पुढच्या आठवड्यात चालेल, पण एप्रिलचा पहिला पंधरवडा ओलांडू नका. आणि ब्रश नवा आणू नका, कॉलनीत कोणाकडे ना कोणाकडे असतोच.